पांढरी जोन्हरी

त्या वर्षांत आमच्या घरी ‘कंपनी’ हा शब्द घरातल्या एखाद्या तऱ्हेवाईक माणसासारखा वागवला जाई. आई जिन्याकडे तोंड करून विचारायची, “कंपनी आज जेवायला आहे की डबा पाठवायचा?” कंपनी म्हणजे माझे वडील नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ, आमचा भाऊकाका, एवढी दोनच माणसं. आम्ही मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आजोबांनी आयुष्यभर मुलांना वेद शिकवले, आणि त्यांच्या दोन्ही मुलांनी नदीपलीकडे जमीन घेऊन मका आणि काकडी लावली. हे दुःख म्हातारबुवांनी शेवटपर्यंत उरात बाळगलं. “चार पिढ्या काशीत काढल्या, आणि कमावलं काय, तर खीरा,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. बोलायचो आम्ही मराठीच, पण आमची मराठी गंगेचं पाणी प्यायलेली. पातेलं उतरवायला आई ‘बटलोई उतरव’ म्हणायची, उकाड्यात भाऊकाका ‘आज फार उमस आहे’ म्हणायचा, आणि पुण्याहून आलेले पाहुणे तोंडाला पदर लावून हसायचे. हसण्यासारखं त्यात काय आहे हे आम्हाला कधी कळलं नाही.

काकडी भाऊकाकाची. ती आपली कोशिंबिरीची काकडी नव्हे; करंगळीएवढी, अंगावर बारीक काटे असलेली, परदेशी लोकांच्या लोणच्याची. पलीकडच्या गावातल्या बायका तिला ‘बौना खीरा’, म्हणजे बुटकी काकडी, म्हणत. ती रोज सकाळी तोडावीच लागे, कारण आज करंगळीएवढी असलेली उद्या अंगठ्याएवढी होई आणि परवा कुणी विचारत नसे. शेतावरच्या शेडमध्ये मिठाच्या पाण्याची निळी पिंपं ओळीनं मांडलेली असत आणि भाऊकाकाच्या कपड्यांना सिरक्याचा आणि शेपूचा वास बारा महिने चिकटलेला असे. वाढून बसलेली, कंपनीनं नाकारलेली काकडी पोत्यातून, नावेतून, आमच्या स्वयंपाकघरात येई. मग काकडीची थालीपिठं, काकडीचं धोंडस, खमंग काकडी, काकडीचे सांडगे. चैत्र-वैशाखात आमच्या घरी काकडी नसलेली एकच गोष्ट उरे, ती म्हणजे पिण्याचं पाणी, आणि एकदा भाऊकाकानं त्यातही दोन चकत्या टाकून आईला प्यायला दिलं. आईनं तो पेला त्याच्याच डोक्यावर ओतला होता.

काकडीविषयी मी कितीही लिहू शकते. मक्याविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आले. मुलगा म्हणतो, “आई, तू सगळं लिहितेस, पण शेताचं आलं की तुझं पान कोरं.” त्याला काय सांगू? मका म्हटला की मला रमदेई दिसते. गेल्या आठवड्यात सुनेनं बाजारातून कणसं आणली, ओट्यावर बसून सोलायला लागली, आणि पानं ओढल्याचा तो कर्रकर्र आवाज ऐकून मी उठून गच्चीवर गेले. सुनेला वाटलं मला ऊन खायचंय.

मका नानांचा. तो खाण्यासाठी नव्हता, पेरण्यासाठी होता. दोन जातींचा संकर करून तयार होणारं बी आम्ही बियाणंवाल्यांना पुरवायचो. ही गोष्ट नाना घरी अशी समजावून सांगत: शेतात दोन ओळी बापाच्या, मग चार ओळी आयांच्या, पुन्हा दोन बापाच्या. मक्याच्या प्रत्येक ताटाला डोक्यावर तुरा असतो आणि पोटाशी कणीस. तुऱ्यातली पिवळी पूड, म्हणजे पराग, वाऱ्यानं उडून कणसाच्या केसांवर पडली की दाणा भरतो. आयांच्या ओळींतले तुरे पूड सुटायच्या आत उपटून टाकायचे. मग त्या आयांना स्वतःचा पराग मिळत नाही, शेजारच्या बापाचाच घ्यावा लागतो, आणि जो दाणा भरतो ते आमचं बी. तुरे एका दिवशी येत नाहीत, रोज थोडे थोडे येतात, म्हणून फाल्गुनातले दोन-अडीच आठवडे रोज सकाळी दहा-बारा बायका ओळींतून फिरत. तुरा वरच्या पानांतून ओढून काढला की ‘टक्’ असा आवाज येतो. दहा-बारा बायकांच्या हातांचा तो आवाज, त्यांची गाणी आणि मधूनच नानांचं ओरडणं, “अरे, ऊ बाप हौ, बाप! ओके छोड़ा!” नवीन बाईला पहिल्या दिवशी सांगायचं एक वाक्य ठरलेलं होतं, तुरा काढल्यानं ताटाचं काही बिघडत नाही, कणीस लागतंच. ते मी इतक्यांदा ऐकलं आणि इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या तोंडून ते झोपेतही निघालं असतं.

दुसरा नियम परिघाचा. आमच्या शेताच्या चारही बाजूंनी तीनशे पावलांच्या आत दुसऱ्या कुणाचा मका फुलता कामा नये, नाहीतर परका पराग उडून यायचा आणि तपासनीस सगळं शेतच नापास करायचा. नानांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना भेटून, हातापाया पडून, सगळ्यांना वाटाणा आणि हरभरा पेरायला राजी केलं होतं. हा परीघ फिरून बघायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, इंटरची परीक्षा तोंडावर, पण पाय धड होते आणि नानांचा माझ्यावर भरवसा होता. सकाळी नावेतून पलीकडे जायचं, वाळू तुडवत वर शेतावर पोचायचं आणि बांधाबांधानं गोल हिंडून यायचं. भाऊकाका म्हणायचा, “लोकांची पंचक्रोशी पाच दिवसांत होते, आमची कुसुम तासाभरात उरकते. पुण्य मात्र सगळं कंपनीच्या खात्यात.”

रमदेईची झोपडी शेताच्या पूर्वेला होती, शेताच्या बांधापासून ऐंशी-नव्वद पावलांवर. म्हातारी एकटीच राहायची, एक गाय आणि ती. नानांच्या सांगण्यावरून तिनं पुढच्या तुकड्यात वाटाणा लावला होता. पण माघात एकदा मी परीघ फिरताना तिच्या गोठ्यामागे डोकावले, तर भिंत आणि बांबूच्या बेटामध्ये मक्याची बावीस ताटं उभी. मी मोजली. रमदेई शेण थापत होती, ती तशाच हातांनी धावत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, जणू मी आत्ताच ती उपटणार होते.

“बबुनी, बाऊजी से मत कहिहा,” ती म्हणाली. “ई हमार सुगिया हौ।”

सुगिया तिची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन गंगेच्या खालच्या अंगाला कुठंतरी लांब दिलेली. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा सासरच्या शेतातलं मूठभर बी पदरात बांधून घेऊन आली होती. आमच्या बाजूला मका पिवळा. हा दुधासारखा पांढरा. तिनं स्वतःच्या हातानं गोठ्यामागं तो पेरला, आईला म्हणाली, जोन्हरी पिकली की भाजून खायला येईन. मक्याला तिकडे जोन्हरीच म्हणतात. जोन्हरी पिकली आणि तिकडून निरोप आला, की ताप आला होता, तीन दिवसांत गेली, अग्नी देऊन झाला. रमदेईनं मुलीचं तोंड पाहिलं नाही, राख पाहिली नाही. तिच्या हाती उरली ती ही कणसं. तेव्हापासून दर वर्षी ती त्यातली चांगली चार कणसं चुलीवर टांगून ठेवायची आणि कार्तिक सरता सरता पुन्हा पेरायची. पावसाळ्यात ते रान पाण्याखाली जायचं आणि ठेवलेलं बी वर्षभरात किडा खायचा, त्यामुळे एक हंगामही चुकवून चालत नसे. “दुपहरिया में पत्ता बोलेला,” ती मला म्हणाली, “त हम बइठ के सुनीला।” दुपारी वारा सुटला की मक्याची पानं एकमेकांवर घासतात आणि माणसं हळू बोलत असल्याचा भास होतो, हे खरं आहे. मी स्वतः त्या आवाजाला दचकून मागे वळून पाहिलंय.

मी नानांना सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ते विचारत, “परीघ साफ?” आणि मी म्हणे, “साफ.” मनात मात्र धाकधूक. त्या वर्षी बियाणंवाल्यांनी स्पष्ट बजावलं होतं की शेत नापास झालं तर पुढे आमच्याशी व्यवहार नाही. नानांनी नोकरी सोडली होती, भाऊकाकाचं लग्न त्या एका शेतावर अडून राहिलं होतं. बावीस ताटांमागे काय काय उभं आहे ते मला चांगलं समजत होतं.

मग होळी आली. होळीला बनारसमध्ये कुठली कामवाली बाई शेतात येते? तीन दिवस कुणी येणार नव्हतं आणि तुरे काही होळीसाठी थांबत नाहीत. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच घरदार कुलूपबंद करून शेतावर मुक्कामाला गेलो. आईनं शेडमध्ये तीन दगडांची चूल मांडून पुरण शिजवलं आणि काकडीच्या पिंपांच्या वासात आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. धुळवडीच्या सकाळी नऊवारीचा काचा मारलेली आई ओळीत, नाना ओळीत, भाऊकाका ओळीत, आणि लांबून गावातल्या ढोलाचा आवाज. भाऊकाकानं आईच्या गालाला गुलाल लावला तर ती म्हणाली, “मेल्या, आधी ती ओळ संपव.” मला आजही वाटतं, आमचं घर म्हणून काही एकत्र आनंदात होतं, तर ते त्या सकाळी.

तपासनीस दोन दिवसांनी यायचा होता. मी परीघ फिरायला निघाले आणि थेट गोठ्यामागं गेले. रमदेई होळीला भावाकडे गेली होती, गायसुद्धा शेजारी बांधलेली. बावीसच्या बावीस ताटांवर तुरे पूर्ण बाहेर आलेले, अजून पूड सुटली नव्हती, पण उद्या-परवा सुटली असती. पोटाशी कणसांना केस फुटू लागले होते. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. नानांना सांगावं तर ते ताटंच कापतील. न सांगावं तर तपासनीसाला दिसेल. आणि मग मला उपाय सुचला. इतका सोपा की मला माझंच कौतुक वाटलं. तुरे काढून टाकायचे. पूड नाही म्हणजे आमच्या शेताला धोका नाही, आणि तुरा काढल्यानं ताटाचं काही बिघडत नाही, कणीस लागतंच. म्हातारीची सुगियाही राहील आणि कंपनीही राहील.

टक्, टक्, टक्. हात सरावलेले होते, पाच-सात मिनिटांत झालं. तुरे मी शेणाच्या खड्ड्यात खोल दाबले आणि हात धुऊन पुन्हा आमच्या ओळीत जाऊन कामाला लागले.

मूर्खपणा कसा असतो बघा. तुरा काढलेलं ताट शेजारच्याचा पराग घेतं, यावरच तर आमचं घर चालत होतं. हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण आमच्या शेतात ती गोष्ट फायद्याची होती, म्हणून ती कुणाच्या नुकसानीची असेल हे डोक्यातच आलं नाही. आमचे आई-बाप दोन्ही पिवळे, त्यामुळे दाण्याचा रंग बदलतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणखी एक सांगते, ते मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. फाल्गुनात आमच्याकडे पछुआ वाहतो, पश्चिमेचा वारा. रमदेई पूर्वेला होती. तिचा पराग आमच्याकडे फारसा आलाच नसता. आमचा मात्र तिच्याकडे जात होता.

तपासनीस आला. परीघ फिरताना गोठ्याकडे त्यानं मान वळवली, तुरे नसलेली ताटं पाहून त्याला ती वैरण वाटली असावी, आणि शेत पास झालं. रमदेई परतली तेव्हा मी बांधावर होते. तिनं उघडीबोडकी ताटं पाहिली आणि होळीच्या टोळक्यांनी मस्तीत तुरे ओरबाडून नेले असं समजून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. “मुँहझौंसा होलिहार!” इथपासून सुरुवात होती, पुढच्या मी लिहीत नाही. मी तिला म्हटलं, “अम्मा, कणसं येतील, काही नाही बिघडत.” ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली की तू म्हणतेस तर येतील.

कणसं आली. चैत्र संपत होता, काकडी ऐन जोरात होती म्हणून आम्ही शेतावर मुक्कामाला होतो, आणि मी शेडमध्ये बसून बोटानं माप घेत काकड्या वेगळ्या करत होते. रमदेई दारात येऊन उभी राहिली. पदरात सात-आठ कणसं. ती माझ्यासमोर बसली आणि एकेक सोलायला लागली. मधे मधे दाणेच नाहीत, तोंडातले दात पडावेत तशी रिकामी जागा. आणि जे होते ते पिवळे. सगळे पिवळे. पांढरा एक नाही.

“ई हमार ना हौ, बबुनी,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “बाइस गो पेड़, एक्को में उज्जर दाना ना हौ। रंग काहें बदल गयल? तू त पढ़ल-लिखल हऊ। सुगिया हमसे रिसियाय गइल का?”

त्या क्षणी मला सगळं कळलं. पुढच्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला नाना पिंपाचं झाकण ठोकत होते, आणि मी काशीतल्या वैदिकाची नात. आमच्या घाटावर लहान पोरसुद्धा जे बोलतं ते माझ्या जिभेवर आयतं तयार होतं.

“रागावली नाही, अम्मा,” मी तिच्या भाषेत म्हणाले. “तिची सुटका झाली. मुक्ती मिळाली. ती इतके दिवस या दाण्यात अडकली होती, आता गेली, म्हणून रंग गेला.”

रमदेईनं कणसं पुन्हा पदरात घेतली, माझ्या पायांना हात लावला, सतरा वर्षांच्या पोरीच्या पायांना, आणि हुंदके देऊन रडली. आई धावत आली. “काय गं, काय झालं तिला?” मी म्हटलं, “मुलीची आठवण आली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत घरी निघालो तेव्हा ती आमच्याच नावेत बसली. सगळी कणसं, बावीस ताटांची, एका लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणली होती. चुलीवर टांगलेली जुनी कणसं तर पेरणीत संपलेलीच होती. मधल्या धारेत तिनं मल्लाहाला थांबायला सांगितलं आणि मला म्हणाली, काहीतरी म्हण. आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या चार ओळी मी पुटपुटले. तिनं गाठोडं पाण्यात सोडलं. ते लगेच बुडलं नाही, थोडं अंतर आमच्या बरोबरीनं वाहत आलं, आणि तिनं त्याला हात जोडले. भोसले घाटाच्या समोर ते दिसेनासं झालं.

संध्याकाळी जेवताना मी नानांना विचारलं. मनावरचं ओझं थोडं उतरवायचं म्हणून नुसतं एवढंच विचारलं, की पांढऱ्या मक्याला पिवळ्याचा पराग लागला तर काय होतं. नाना अशा प्रश्नांनी खूश व्हायचे. म्हणाले, “दाणा पिवळा दिसतो. पण पांढरा आत असतोच, जात नाही. तोच दाणा पुन्हा पेरला तर पुढच्या कणसांत चारांतला एखादा पांढरा निघतो. पांढरे तेवढे वेचून पेरत गेलं की दोन हंगामांत पहिलं बी हातात. का गं? कुणाचा बदलला?”

“रमदेईचा,” मी म्हटलं.

“मग सांग तिला, घाबरू नको म्हणावं. पेर म्हणावं.”

आईनं पानात काकडीचं थालीपीठ वाढलं. मी ते हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. गंगेवर सकाळी जे गाठोडं वाहिलं त्यात सुगिया होती, सगळीच्या सगळी, आणि ती मी स्वतः मंत्र म्हणून बुडवली होती. नाना माझ्याकडे बघत राहिले. रमदेईच्या गोठ्यामागं मका होता हे त्यांना तेव्हाच कळलं असणार, आणि त्याचे तुरे कुणी काढले असतील हेही. परिघाचं काम पुढच्या हंगामात त्यांनी भाऊकाकाला दिलं.

पुढच्या हंगामात रमदेई आमच्याकडे तुरे काढायला आली. पेरायला तिच्याकडे काही नव्हतं, वेळ जात नव्हता. तिला माझ्याच शेजारची ओळ हवी असे. चेहरा उतरलेला, पण शांत होता, आणि ती शांती मला बघवत नसे. काम करता करता ती बायकांना सांगे, “एही बबुनी हमरे सुगिया के पार लगवलिन।” म्हणजे हिनंच माझ्या सुगियाला पैलतीराला नेलं, मुक्ती दिली. मी मान खाली घालून पुढच्या ताटाकडे वळे. आणि मग बायका यायला लागल्या. एकीच्या दारचा आंबा अवेळी मोहरला होता, तिनं विचारलं, सासऱ्याचं काही सांगणं असेल का? एकीच्या गाईनं बुडून गेलेल्या मुलाच्या तिथीलाच वासरू टाकलं होतं. एक तर लांबच्या गावाहून चालत आली, तिच्या ओच्यात मुलाचा सदरा होता. मी नाही नाही म्हणत होते आणि त्या समजत होत्या की मी नम्रपणा करतेय. आई वैतागून म्हणाली, “कुसुम, तू काय दुकान उघडलंयस?” घरी आल्यावर मला जेवण जात नसे. दुपारी पानं वाजली की मी कान झाकून घेई. मला वाटे, सुगिया तिथंच आहे आणि मी तिच्या आईला काय सांगितलं ते ऐकून ती हसतेय.

सदरा घेऊन आलेल्या बाईला मी परत पाठवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रमदेईला सांगितलं. ओळीतच सांगितलं, कारण बसून सांगण्याचं धाडस नव्हतं. होळीच्या दिवशी तुरे मी काढले. पोरांनी नाही. तुरे नव्हते म्हणून आमच्या मक्याचा पराग लागला, म्हणून दाणा पिवळा झाला. तू ते बी पेरलं असतंस तर पांढरा परत आला असता, चारांतला एक. ते मला नंतर कळलं. मुक्तीचं मी माझ्या मनानं बोलले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तुऱ्याकडे गेलेला तिचा हात वरच राहिला. ती अंगावर धावून येईल, शिव्या देईल, सगळ्या बायकांना गोळा करून माझ्या तोंडावर थुंकेल असं मला वाटलं होतं. खरं सांगते, तिनं तसं करावं अशीच माझी इच्छा होती. तिनं हात हळूहळू खाली घेतला.

“त पार ना लगल?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“त हमार सुगिया कहाँ हौ, बबुनी?”

ओळीच्या टोकाकडून आई हाका मारत होती, ऊन चढत चाललं होतं, आणि रमदेई माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत उभी होती.